चिमुकल्या सैन्यांचे शीघ्ररंजन : एक आढावा

ज्याला एकच मूर्ती रंगवावयाची आहे त्याला वेळेची अडचण फारशी भासत नाही; परंतु ज्याला साठ-सत्तर मूर्तींचे सैन्य उभे करून ते ठरल्या दिवशी मेजावर मांडावयाचे आहे, त्याला वेळेखेरीज दुसरी अडचणच दिसेनाशी होते. राक्षस, चालते सांगाडे, दाढीवाले बुटके, टोकदार कानांचे धनुर्धर आणि पंखांचे महासर्प अशा कल्पित प्रजांच्या फौजा समोरासमोर ठेवून, फुटपट्टीने अंतर मोजून आणि फासे टाकून लढाई खेळण्याचा वॉरगेम नावाचा जो छंद गेल्या अर्धशतकात इंग्लंड-अमेरिकेतून सर्वत्र पसरला, त्यातील मूर्ती राखाडी प्लॅस्टिकच्या सुट्या अवयवांत मिळतात, आणि त्या कापणे, जोडणे व रंगविणे हा सारा सरंजाम खेळणाराच्याच पदरी येतो. पायापासून डोळ्यापर्यंत जेमतेम २८ मिलिमीटर उंचीच्या देहावर चिलखताच्या कड्या, पट्टे, थैल्या, दात, नखे आणि वस्त्रांच्या चुण्या कोरलेल्या असतात. एकेका मूर्तीला मनाजोगा न्याय द्यावयाचा तर कित्येक संध्याकाळी खर्ची पडतात, आणि त्या हिशेबाने सबंध फौज पुरी होण्याच्या आत बहुतेकांच्या उत्साहाचे दिवाळे निघते. न रंगविलेल्या मूर्तींच्या पेट्या ही या छंदातील थकबाकी आहे, आणि ती फेडण्याच्या ज्या युक्त्या निघाल्या त्यांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मौजे चोरखमारा, तालुके तिरोडा, जिल्हे गोंदिया या गावी, नागझिऱ्याच्या रानाच्या कडेला आणि तलावाच्या सान्निध्यात बसून असला विषय हाती घ्यावा हे कोणास चमत्कारिक वाटेल, कारण वॉरगेमच्या दुकानाचा येथे मागमूस नाही. परंतु लहान आकृती पुष्कळ संख्येने, थोड्या अवधीत आणि हातभर अंतरावरून उठून दिसतील अशा रीतीने रंगविण्याचा प्रश्न येथील झाडीपट्टीला मुळीच परका नाही. बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात मुलांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवर चालणारे लाकडी नंदीबैल सजवून मुले ते ओढीत नेतात आणि घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ वा पैसे, घेतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ साली घातली असे परंपरेने सांगितले जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पोळ्याची तिथी कोणासाठी थांबत नाही. बाजारात मांडावयाचे सारे बैल त्या आधी तयार झालेच पाहिजेत, आणि म्हणून असल्या कामात एक बैल संपवून दुसरा हाती घेणे परवडत नाही: सर्वांवर पहिला हात, मग सर्वांची शिंगे, मग सर्वांच्या झुली, आणि सर्वांत शेवटी डोळे. बैल विकत घेणारे मूल झुलीची नक्षी तपासत बसत नाही. ते बैलाच्या डोळ्यांकडे पाहते.

हीच व्यवस्था रायगड जिल्ह्यातील पेण आणि त्याच्या शेजारच्या हमरापूर, जोहे या गावांतील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत अधिक विस्ताराने दिसते. तेथे अंगाचा रंग कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या स्प्रे गनने ओळीने उभ्या केलेल्या मूर्तींवर भराभर फिरविला जातो, पितांबर व शेला यांचे काम वेगळे होते, आणि डोळ्यांची आखणी मात्र सर्वांत सरावलेल्या हाताकडे जाते. म्हणजे जे क्षेत्र सर्वांत मोठे त्याला सर्वांत थोडा वेळ, आणि जे सर्वांत लहान त्याला सर्वांत अनुभवी हात, असा हा जमाखर्च आहे. शीघ्ररंजनाच्या विविध पद्धतींविषयी जे वादविवाद छंदिष्टांत चालतात, त्यांत रंगांच्या बाटल्यांची तुलनाच फार होते. वस्तुतः वेळ क्षेत्रफळाच्या मानाने न वाटता पाहणाऱ्याची दृष्टी जेथे ठरते त्या मानाने वाटावा, हा पेणच्या कारखान्यातील शिरस्ता सर्व बाटल्यांहून अधिक मोलाचा आहे, असे माझे मत आहे.

तथापि आपल्या परंपरेतील लहान आकृती आणि ही विलायती लघुमूर्ती यांच्यात एक मूलगामी भेद आहे. दिवाळीत पश्चिम महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचे किल्ले रचतात आणि त्यांवर पुण्याच्या कुंभारवाड्यासारख्या ठिकाणांहून आणलेले मावळे उभे करतात. त्या मावळ्याचा चेहरा एका रंगाचा, पागोटे लाल, ढाल काळी, आणि मिशी म्हणजे कुंचल्याचा एकच फटकारा. छायेचा त्यावर लवलेश नसतो आणि कोणाला तिची उणीव भासतही नाही, कारण त्या आकृतीची घडण ठसठशीत असून ती बाह्यरेषेवरूनच ओळखू येते. याउलट वॉरगेमच्या मूर्तीवरील चुण्या आणि कड्या मिलिमीटरच्या अंशाइतक्याच खोल असतात. मोठ्या पुतळ्यावर सूर्यप्रकाश आपणहून जी छाया पाडतो ती इतक्या उथळ खाचेत डोळ्याला जाणवेल एवढी पडतच नाही. सपाट रंग दिला की सारे कोरीवकाम बुजून जाते आणि राक्षसाचा एक हिरवा गोळा होतो. म्हणून छाया रंगाने निर्माण करावी लागते, आणि वेळ जातो तो या छायेपायी. शीघ्ररंजनाची जेवढी तंत्रे आजवर निघाली ती सर्व एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत: छाया स्वतः न रंगविता ती मूर्तीच्याच घडणीकडून कशी रंगवून घ्यावी?

हा प्रश्न प्रारंभी नव्हता. प्रशियातील राइसविट्स याने १८१२ साली राजापुढे मांडलेला आणि त्याच्या पुत्राने १८२४ साली पुस्तकरूपाने सिद्ध केलेला युद्धखेळ लाल व निळ्या ठोकळ्यांनी खेळला जाई. ठोकळ्याला ना चेहरा ना वस्त्र. १८९३ साली इंग्लंडमधील ब्रिटन्स या पेढीने शिशाचे पोकळ ओतीव शिपाई काढले, आणि एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात असल्याच शिपायांच्या लढाईचे नियम दिले. पण ते शिपाई कारखान्यातूनच चकचकीत रंगांत येत, त्यामुळे वेल्सच्या वाट्याला रंगकाम आले नाही. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले, १९८३ साली इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने ‘वॉरहॅमर’ काढले, आणि मूर्ती बिनरंगी विकण्याचा रिवाज कायम झाला. कारखान्यातील मजुराचे काम अशा रीतीने ग्राहकाच्या मेजावर आले, आणि ग्राहकाने त्याला कला म्हणून स्वीकारले, ही या व्यापारातील मोठीच किफायत म्हटली पाहिजे.

आता तंत्रांकडे वळू. सर्वांचा पाया प्राइमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात, आणि या पहिल्या हातातच निम्मी छाया साधण्याची जी युक्ती आहे तिला झेनिथल म्हणतात. मूर्ती प्रथम सर्वांगी काळी करावयाची. ती वाळल्यावर केवळ वरच्या बाजूने, माध्यान्हीचा सूर्य जेथून पाहतो तेथून, पांढऱ्या रंगाचा फवारा सोडावयाचा. डोके, खांदे, गुडघे, पावलांचे माथे उजळतात. हनुवटीखाली, काखेत, झग्याच्या आत काळोख राहतो. आणि मूर्तीचा आकार रंगाचा एकही थेंब खर्च होण्यापूर्वी स्पष्ट होतो. या युक्तीचे मर्म ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने नागझिऱ्यातील चितळाकडे पाहावे. चितळाची पाठ तांबूस गडद आणि पोट पांढरे, चौशिंग्याचेही तसेच. अॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली याची उपपत्ती मांडली: वरून येणारा प्रकाश पाठ उजळवितो आणि पोटाखाली छाया टाकतो, म्हणून निसर्गाने पाठ गडद आणि पोट फिके करून त्या उजेड-छायेची बरोबर वजाबाकी केली, आणि त्यामुळे उभे जनावर सपाट होऊन पार्श्वभूमीत विरून जाते. झेनिथलचा कारागीर नेमके याच्या उलट करतो. जो प्रकाश पडणारच आहे त्याला रंगाची जोड देऊन तो आकार दुप्पट उठावदार करतो. एका चित्रकाराने जनावर का दिसत नाही याचा शोध घेतला, आणि त्याच नियमाचा व्यत्यास करून आज लोक मूर्ती दिसावी याची तरतूद करतात. माझ्या मते सर्व शीघ्रतंत्रांत हेच अव्वल. कारण ते स्वस्त आहे, शंभर मूर्तींनाही दोन फवाऱ्यांत पुरते, आणि पुढे कोणतीही पद्धत अवलंबिली तरी वाया जात नाही. मात्र वर दिला जाणारा रंग पारदर्शक वा पातळ असला पाहिजे. जाड रंगाचा थर चढविला तर खालचा सारा खटाटोप गाडला जातो.

दुसरे तंत्र ड्रायब्रशचे. कुंचला फिक्या रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईतो पुसावयाचा आणि मूर्तीवरून हलकेच फिरवावयाचा, म्हणजे केवळ उंचवट्यांच्या कडांना रंग लागतो आणि खाचा गडदच राहतात. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडन या नमुनाकाराने रणगाडे आणि शिपाई यांच्या प्रतिकृतींवर हे तंत्र व पुढे सांगितलेला वॉश यांची जोडी लोकप्रिय केली. केस, लोकर, हाडे, साखळ्यांचे चिलखत, दगड यांवर ड्रायब्रशला तोड नाही. सांगाड्यांची फौज तर केवळ त्याच्याच जोरावर एका दुपारी उभी राहते. परंतु गुळगुळीत झगा, ढालीचा सपाट पृष्ठभाग आणि मनुष्याचा गाल यांवर तो भुकटी उधळल्यासारखा दिसतो, आणि नवशिका नेमका तेथेच तो अधिक जोराने घासतो. शृंगारासाठी मिळणारा मऊ गोल ब्रश या कामी चित्रकाराच्या चपट्या ब्रशाहून सरस ठरतो.

वॉश हे तिसरे तंत्र, आणि छायेच्या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर. गडद पातळ द्रव मूर्तीवर सोडला की तो उंचवट्यावरून ओसरून खाचांत साचतो आणि तेथेच वाळतो. घडणीकडून छाया रंगवून घेण्याची ही शुद्ध कृती होय. पण यात द्रवाच्या पृष्ठताणाशी गाठ असते. निव्वळ पाणी घालून पातळ केलेला रंग थेंब धरून बसतो आणि वाळताना कडेला डागांची रेषा सोडतो. म्हणून त्यात मॅट मीडियम, म्हणजे रंगद्रव्याविना असलेला बिनचकाकीचा बांधक द्रव, आणि द्रव पसरविणारा एखादा पदार्थ असावा लागतो, आणि विकतच्या वॉशची किंमत बव्हंशी या मिश्रणासाठीच मोजावी लागते. वॉश चढविल्यावर मूर्ती तशीच वाळत टाकू नये. जेथे डबके साचले असेल तेथून ओल्या स्वच्छ कुंचल्याने ते टिपून घ्यावे, आणि या टिपण्यातच कसबी व अर्धकच्चा हात यांतील फरक आहे. वॉश सर्व रंग एक पायरी गडद करतो हे लक्षात घेऊन मूळ रंग मुद्दामच भडक निवडावे. कातडे, त्वचा, लाकूड, सोने यांना तपकिरी, आणि पोलादाला काळा, एवढे दोनच वॉश बहुतेक फौजांना पुरतात.

वॉशचाच राकट भाऊ म्हणजे डिप. लाकडाला देण्याचे रंगमिश्रित पॉलियुरेथेन वॉर्निश घेऊन त्यात मूर्ती सबंध बुडवावी आणि झटकून काढावी, अशी ही पद्धत अमेरिकेतील छंदिष्टांनी किराण्यासारख्या सहज मिळणाऱ्या लाकूडपॉलिशवर सुरू केली, आणि २००७ साली डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या आर्मी पेंटर या कंपनीने तिला बाटलीबंद रूप दिले. एका झटक्यात छायाही मिळते आणि मूर्तीला अभेद्य कवचही. ज्या घरात लहान मुले सैन्याला हात लावतात तेथे याची उपयुक्तता नाकारता येत नाही. पण सर्व रंगांवर एकच पिवळट मळकट छटा चढते, चकाकी मारण्यासाठी वरून मॅट वॉर्निश द्यावेच लागते, वास कित्येक दिवस हटत नाही, आणि चूक झाली तर दुरुस्तीस वाव नाही. आजमितीस हे तंत्र मागे पडले आहे आणि त्याचे मला फारसे दुःख होत नाही.

इंग्लंडमधील केव्हिन डॅलिमोर यांच्या नावाशी निगडित असलेली, काळ्या पायावर प्रत्येक रंगाच्या गडद, मध्यम व फिक्या अशा तीन छटा क्रमाने लहान होत जाणाऱ्या क्षेत्रांवर देण्याची रीत आणि तिच्यासाठी फाउंड्री या कंपनीने काढलेले तीन-तीन बाटल्यांचे संच यांचाही उल्लेख येथे केला पाहिजे. ती झटपट नव्हे. परंतु तिच्यात निर्णय करावे लागत नाहीत, आणि निर्णयात जाणारा वेळ हा कुंचल्याने जाणाऱ्या वेळेहून पुष्कळदा अधिक असतो.

२०१९ साली गेम्स वर्कशॉपने कॉन्ट्रास्ट या नावाचे रंग बाजारात आणले आणि या प्रांतात खरी उलथापालथ झाली. हे रंग म्हणजे गडद रंगद्रव्याने भरलेला पारदर्शक दाट द्रव. फिक्या पायावर एकच हात दिला की उंचवट्यावर तो पातळ होऊन फिका दिसतो, खाचेत साचून गडद होतो, आणि मूळ रंग, छाया व उजाळा हे तिन्ही एका हातात मिळतात. पाठोपाठ आर्मी पेंटरने २०२२ साली स्पीडपेंट आणि स्पेनच्या वायेहो कंपनीने एक्सप्रेस कलर काढले. स्पीडपेंटच्या पहिल्या आवृत्तीत एक विलक्षण दोष होता: वाळलेला थर वरून दुसरा ओला रंग लावताच पुन्हा विरघळे आणि त्यात मिसळे; पुढच्या वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत तो दूर करण्यात आला. या रंगांविषयी जाहिरातीत जो एका हातात मूर्ती पुरी करण्याचा दावा असतो त्यातील अतिशयोक्ती वजा केली तरी बाकी पुष्कळ उरते. केसाळ, सुरकुतलेल्या, खडबडीत देहांवर ते अप्रतिम दिसतात. रुंद झगे आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावर मात्र त्यांचे ढगासारखे ठिगळ पडते. शिवाय ते हाताळण्याने कडांवरून लवकर झिजतात, म्हणून वॉर्निशविना मेजावर आणू नयेत.

झेनिथल, ड्रायब्रश आणि हे पारदर्शक रंग यांचा त्रिवेणीसंगम म्हणजे अलीकडे गाजलेला स्लॅपचॉप. काळ्या मूर्तीवर राखाडी व मग पांढरा ड्रायब्रश करून तिचे जणू काळे-पांढरे छायाचित्र तयार करावयाचे आणि त्यावर कॉन्ट्रास्टसारख्या रंगांचे पातळ थर सोडावयाचे. नवे नाव मिळाले म्हणून तत्त्व नवे ठरत नाही. प्रबोधनकाळातील युरोपीय चित्रकार राखाडी छटांत संपूर्ण चित्र रंगवून त्यावर पारदर्शक रंगांची झिलई देत असत, आणि तेथे हीच कल्पना पाच शतकांपूर्वी नांदत होती. स्लॅपचॉपने वेळ निश्चित वाचतो, चुकण्यास वाव कमी उरतो, आणि ज्याने आयुष्यात कुंचला धरला नाही त्याची पहिली फौजही नजरेत भरते. माझी तक्रार इतकीच की, या रीतीने केलेल्या सर्वांच्या सर्व फौजा एकाच धुळीतून कूच करून आल्यासारख्या दिसतात. सर्वत्र तोच राखाडी खरखरीतपणा रंगाखालून डोकावतो. पांढऱ्याऐवजी फिकट पिवळसर आणि काळ्याऐवजी गडद तपकिरी वा निळा पाया घेतला तर हा दोष बराच कमी होतो. पण सांगणारे तसे क्वचितच सांगतात.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारे लेखणीसारखे यंत्र, याविषयी थोडक्यात एवढेच की, महासर्प, राक्षसी यंत्रे यांसारख्या मोठ्या पृष्ठभागांसाठी तो उत्तम, पायदळासाठी अनावश्यक. आणि प्रत्येक रंगानंतर तो धुण्यात जाणारा वेळ त्याचे चाहते हिशेबात धरीत नाहीत.

तंत्र कोणतेही असो, कामाचा क्रम बिघडला तर गती हाती लागत नाही. एका खेपेस पाच ते दहा मूर्ती घ्याव्यात. याहून कमी घेतल्या तर पहिलीचा रंग वाळण्याची वाट पाहत बसावे लागते, आणि तीस-चाळीस घेतल्या तर एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर जाता जाता मनुष्य कंटाळून उठतो. बाटल्यांच्या बुचांवर मूर्ती चिकटविल्या की बोटे रंगावर पडत नाहीत. रंग आतून बाहेर द्यावे, प्रथम त्वचा, मग वस्त्र, मग चिलखत, शेवटी पट्टे व शस्त्रे, म्हणजे आतल्या थराची झालेली सांडलवंड बाहेरच्या थराने आपोआप झाकली जाते. रंगांची संख्या चार-पाचांवर जाऊ देऊ नये, आणि त्यांतील एक रंग फौजेतील प्रत्येकाच्या अंगावर कोठे ना कोठे असावा. दुरून पाहणाऱ्याला सैन्य एक वाटते ते या एका रंगामुळे. मागच्या रांगेतील शिपायांच्या बुटांच्या नाड्या रंगविणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय होय. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या भावंड खेळाच्या अलीकडील नियमांत १०० पैकी १० गुण केवळ किमान दर्जाने रंगविलेल्या सैन्याला ठेवलेले आहेत, आणि त्या किमान दर्जात मुख्य भागांवर रंग आणि सजविलेली पायथ्याची चकती एवढ्याचीच अपेक्षा असते. नियमकर्त्यांनाही नाड्यांची पर्वा नाही.

यांपैकी चकतीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि ती तर सर्वांत स्वस्त. दिवाळीच्या किल्ल्यावर गवतासाठी अळीव पेरणारी आणि हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा पसरणारी मुले हे शास्त्र जाणतात. चाळलेली वाळू फेव्हिकॉलने चिकटवून तिला तपकिरी वॉश आणि फिका ड्रायब्रश दिला, कड एका रंगाने स्वच्छ रंगवून काढली आणि भुशाचे दोन पुंजके लावले की ओबडधोबड रंगविलेली मूर्तीही पुरी झालेली दिसते. चोरखमाऱ्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याला वाटेल की रानातील वाळकी पाने, साली, काटक्या हाताशीच आहेत. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नागझिऱ्यासारख्या अभयारण्यातून परवान्याविना असली वस्तू हलविता येत नाही, आणि राक्षसांच्या पायाखाली पसरण्यासाठी हुकूम मोडण्याचे काही कारण नाही. घरामागच्या मोहाचे पान चुरडले तरी काम भागते.

साहित्याच्या बाबतीत विलायती बाटल्या महाग पडतात आणि लांबून मागवाव्या लागतात, म्हणून देशी रंगांनी किती काम होते हा प्रश्न आमच्याकडील छंदिष्टाला टाळता येत नाही. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत ज्या उद्योगाचा पाया घातला त्या कॅमलिनचे ॲक्रिलिक रंग आणि पिडिलाइटचे फेव्हिक्रिल हे तालुक्याच्या गावीही मिळतात. ते कॅनव्हास व कापड यांसाठी घडविलेले असल्याने दाट असतात. एकाच जाड हाताऐवजी पातळ करून दोन हात दिले तर कोरीवकाम बुजत नाही. वॉश व ड्रायब्रश यांसाठी ते पूर्ण समर्थ आहेत, चकत्यांसाठी तर विलायती रंग वापरणे ही उधळपट्टीच होय. कॉन्ट्रास्ट जातीचा पारदर्शक रंग मात्र मीडियम मिसळून घरी केला तरी विकतच्याची बरोबरी करीत नाही. तेथे दोन-तीन बाटल्यांचा खर्च सोसावा.

इंग्रजी मार्गदर्शनांत नसलेला एक विषय म्हणजे आमचे हवामान. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की फवाऱ्यातील प्राइमरचे थेंब हवेतच वाळून मूर्तीवर वाळूसारखे बसतात, आणि कुंचल्यावरचा रंग मेजावरून मूर्तीपर्यंत जाईतो घट्ट होतो. पहाटेची वेळ आणि झाकणाच्या डब्यात ओला स्पंज व वर बेकिंग पेपर ठेवून केलेले ओले पॅलेट हा त्यावरचा बंदोबस्त. पावसाळ्यात उलट प्रकार होतो. हवेतील ओल वॉर्निशच्या फवाऱ्यात अडकते आणि रंगविलेल्या मूर्तीवर पांढरे धुके बसते. तेव्हा झडीच्या दिवसांत फवाऱ्याचे नाव काढू नये, वॉर्निश कुंचल्याने द्यावे किंवा उघडीप होईपर्यंत मुदत वाढवावी.

असल्या घाईच्या कामाला कला म्हणावे काय, असा आक्षेप घेणारे रसिक सर्वत्र आढळतात. त्यांना उत्तर एवढेच की, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. एवढी पाने हाताने रंगविणारा चितारी प्रत्येक पानावर प्रतिभेची वाट पाहत बसला असता तर जोड कधीच पुरा झाला नसता, आणि तरीही त्या जोडाला कोणी हलके लेखीत नाही. आक्षेपात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी: शीघ्रतंत्राची सवय जडली की मनुष्य सेनापतीलाही शिपायाच्याच मापाने उरकतो. पायदळात वाचविलेला वेळ ध्वजधारी, जादूगार आणि सेनापती यांच्या चेहऱ्यावर खर्च झाला तरच तो वाचला असे म्हणता येईल, एरवी तो केवळ बुडाला.

आणि काही ठिकाणी कोणतेच शीघ्रतंत्र चालत नाही हेही स्पष्ट केले पाहिजे. पिवळा रंग काळ्या पायावर झाकत नाही. त्याच्याखाली गुलाबी वा तपकिरी थर घातल्यावाचून गत्यंतर नाही. ध्वजावरील चिन्ह हाताने, सावकाश आणि आधी पेन्सिलीने आखूनच काढावे लागते. पांढऱ्याची गोष्ट तर सर्वांहून कठीण, कारण वॉश त्याला मळवितो, ड्रायब्रश त्यावर खडूची भुकटी बसवितो आणि कॉन्ट्रास्ट त्यावर ठिगळे पाडतो. तेथे राखाडीपासून पांढऱ्यापर्यंत एकावर एक पातळ थर चढविण्याचा जुना, लांबचा मार्गच उरतो. तेव्हा पांढऱ्या घोड्यांचे पथक मनात असेल तर ते अखेरीस हाती घ्यावे, आणि सेनापतीचा वारू पांढराच हवा असा हट्ट नसेल तर घोडा तपकिरी रंगवून मोकळे व्हावे.